रेवड्यांच्या कुस्तीतला दात

३ मार्च, सोमवार

तुटला! सहावी 'ब'मध्ये, तिसऱ्या तासाला, सातवाहन शिकवता शिकवता. आधी टाळूपाशी 'कट्' झालं, मग जीभ एकदम मोकळी वाटली, आणि दात गेला पहिल्या बाकाखाली. गुलाबी पट्टीचा अर्धा तुकडा तोंडातच राहिला. समोरची मुलगी म्हणाली, "सर, तुमचं काहीतरी पडलं." वहीच्या कागदावर घेऊन तिने तो मला दिला. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चोवीस वर्षं हा काढघालीचा दात वापरला. लग्न ठरलं तेव्हा बसवला होता. वरचा, पुढचा, डावीकडचा. रोज काढायचा, घासायचा, पेल्यातल्या पाण्यात ठेवायचा. तो खोटा आहे हे शाळेत कुणालाच ठाऊक नाही, अशी माझी समजूत. मधल्या सुट्टीत शिपाई पुंजाराम हळूच म्हणाला, "सर, टेन्शन घिऊ नका. आमाला पयल्यापासून म्हाईत हाय."

चोवीस वर्षं!

५ मार्च, बुधवार

दोन दिवस रुमाल तोंडाशी धरून शिकवतो आहे. सर्दी झाली म्हणून सांगितलं. सर्दी झालेली नाही. 'साम्राज्य' म्हणालो आणि शीळ वाजली.

नवा पक्का दात आजवर का बसवला नाही? दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूचे दात घासून बारीक करू, त्यांवर टोप्या चढवू, मध्ये नवा दात. एका गेलेल्यासाठी दोन धडधाकट दात घासायचे? त्यांनी काय केलं होतं? दोन्ही वेळा खुर्चीवरून उठून आलो.

दिशा म्हणते, "पप्पा, नॅन्सीताईकडे जा ना. नगरला दातांचा दवाखाना काढलाय तिने." नॅन्सी आमच्याच शाळेची. चौदा वर्षांपूर्वी दहावीला माझ्या वर्गात होती. मागच्या बाकावर, अखंड बडबड. तिच्यापुढे तोंड उघडायचं?

८ मार्च, शनिवार

जाऊन आलो! 

एसटीवर पाटी अहिल्यानगरची, कंडक्टरची आरोळी 'नगर, नगर, नगर'. आमच्या राहात्याहून दोन तास. सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसलो, कुणी ओळखीचं चढू नये म्हणून. सावेडीत दवाखाना. नॅन्सी म्हणाली, "तोंड उघडा, सर. वर्गात तुम्ही म्हणायचात, तोंड मिटा. आज माझी पाळी!"

मी आधीच बजावलं — शेजारचे दात घासणार असशील तर मी निघालो. ती म्हणाली, "घासायचेच नाहीत." मग तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. नव्या दाताला मागून एक पातळ पंख असतो, शेंगदाण्याच्या पाकळीएवढा. तो पंख शेजारच्या एकाच दाताच्या पाठीला चिकटवायचा. पुढून काहीही दिसत नाही. शेजाऱ्याची पाठ फक्त जराशी खरखरीत करायची, चिकटवण धरावी म्हणून. टोपी नाही, कानस नाही.

"आणि निसटला तर?"

"निसटू शकतो सर, खोटं नाही सांगणार. पण निसटला तर पुन्हा चिकटवायचा. शेजारच्याला काही होत नाही."

मी हे चार वेळा विचारलं. चारही वेळा तिने तेच सांगितलं. उपाय नवा नाही म्हणे, फक्त आता चिकटवण चांगली आली आहे. म्हणजे मीच इतकी वर्षं कुणाला धड विचारलं नाही.

एकच गोष्ट खुपते. तिने फॉर्म भरताना विचारलं, "दात कशाने गेला, सर?" आणि मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "लहानपणी. कुस्तीत." तिने लिहूनही घेतलं.

९ मार्च, रविवार

योगायोग म्हणावा की काय — आज अजिनाथच दारात!

आमचं गाव इथून बारा किलोमीटर. तो तिथे तालीम चालवतो. मान बैलासारखी, कान मोडून भज्यासारखे झालेले, आवाज असा की शेजारी खिडकीत येतात. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर. आजूबाजूच्या चार तालुक्यांत त्याला अजिनाथ म्हणून कुणी ओळखत नाही. दातपाड्या! दातपाड्या पैलवान म्हटलं की झालं. आणि पाडलेला दात माझा.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कुस्त्यांचा हगामा असतो. सुरुवात लहान पोरांपासून. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. एक्क्याण्णव साली, अकरा वर्षांचे असताना, रेवड्यांच्या कुस्तीत माझी नि अजिनाथची जोड लागली. त्याने डोक्याची धडक देऊन माझा दात पाडला, ही गोष्ट गावात अजून सांगतात.

"यंदा माइक तुझ्याकडं, मास्तर!" तो चपला काढायच्या आधीच म्हणाला. "पंचानी ठरवलंय. आन् माझा सत्कार हाय. तालमीला पंचवीस वरसं झाली. तवा दाताची गोष्ट तूच सांगायची. फिर्यादी बी तूच, साक्षीदार बी तूच!"

मला माइक! शाळेचं सूत्रसंचालन वेगळं, हगाम्याचं समालोचन वेगळं. लहानपणापासूनची हौस. मी हसलो, आणि हात आपोआप तोंडावर गेला. त्याने तो बाजूला केला. फट बघून खूश झाला. "आत्ता कसा दिसतूस! अस्सल!"

नव्या दाताचं सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "बुजवनार? आरं, ती माझी निशानी हाय!"

ही आतून म्हणाली, "भावजी, एवढी प्रिय असली तर निशाणी तुमच्या घरी न्या. चोवीस वर्षं पेल्यातून मी उचललीय."

अजिनाथ खो खो हसला. मी पण हसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही.

११ मार्च, मंगळवार

इथे तरी लिहितो. कुठेच लिहिलेलं नाही.

अजिनाथने माझा दात पाडला नाही.

त्याने मला दहा आकडे मोजायच्या आत चितपट केलं. धडक नाही, काही नाही. स्वच्छ कुस्ती. लोक हसले. मी लंगोटावरच देवळामागच्या हापशावर पळालो, तोंड धुवायला. हापशाचा दांडा उंच. मी पोटाने त्याला लोंबकळून खाली दाबला, हात ओले होते, सुटले, आणि दांडा उसळून तोंडावर बसला. दात बहुतेक गटारात गेला. शोधलाही नाही.

घरी रक्त बघून वडिलांनी विचारलं, "कुणी मारलं?" हरलो म्हणून सांगायची लाज, हापशाने मारलं म्हणून सांगायची तर आणखी लाज. म्हणालो, "अज्यानं डोकं मारलं."

वडील तसेच आखाड्यात गेले. अजिनाथच्या बापाने त्याला तिथेच, सगळ्या गावादेखत, चामडी पट्ट्याने मारलं. मी देवळाच्या ओट्यावरून बघत होतो. तो एकदाही 'मी नाही' म्हणाला नाही. का नाही म्हणाला, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित खरंच आपलं डोकं लागलं असेल, असं वाटलं असेल त्याला.

मुलांना मी पुरावा म्हणजे काय ते शिकवतो.

१५ मार्च, शनिवार

आज माप घेतलं. गार, चिकट लगदा तोंडात तीन मिनिटं. उलटी येता येता राहिली. मग रंगाची वेळ. नॅन्सीने दातांच्या नमुन्यांची माळच काढली, बांगड्यांच्या दुकानात बसल्यासारखं एकेक लावून बघत होती.

आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्याने सगळ्यांच्या दातांवर पिवळसर तपकिरी रेघा. माझ्याही. ती म्हणाली, "सर, पांढराशुभ्र करू की तुमच्या बाकीच्या दातांसारखा? रेघ काढून देतात लॅबवाले."

दिशा फोनवर होती. "पांढरा! पप्पा, पांढरा!"

मी अडकलो. पांढरा बसवला तर मी जो नाही तो दिसेन. डागाचा बसवला तर गावच्या पाण्याचा थेंबही न प्यायलेला दात गावकरी म्हणून मिरवेल. दोन्ही खोटंच. त्यातल्या त्यात कोणतं कमी? नॅन्सीने घड्याळाकडे बघितलं. बाहेर तीन माणसं गाल धरून बसली होती. म्हणालो, डागाचा.

तिने पेन्सिलने माझ्या शेजारच्या दाताची रेघ कागदावर उतरवली, वळणासकट. "तुम्ही नकाशात नद्या काढायला लावायचात तशी," म्हणाली.

२९ मार्च, शनिवार

बसला!!

रबराचा पडदा, कापूस, कसलंतरी आंबट औषध, निळा दिवा. सुई नाही, दुखणं नाही. "हलू नका सर, हलू नका... झालं." मी म्हटलं, काय झालं? तिने आरसा दिला.

एक मिनिट मला कळेना, नवा कोणता. रेघसुद्धा तशीच. अगदी माझा! शेजारी जागच्या जागी, अख्खा. जिभेने मागचा पंख शोधला. आहे, पण अगदी पुसट. टाळू मोकळी! चोवीस वर्षं टाळूवर प्लास्टिक होतं. चहाची गरम वाफ टाळूला लागते हे मी विसरूनच गेलो होतो. स्टँडवर दोन चहा घेतले, फक्त त्यासाठी.

पथ्य — पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. ऊस नाही, पेरू चिरून, कणीस सोलून. "आणि रेवडी तर नाहीच," नॅन्सी म्हणाली. रेवड्यांच्या कुस्तीची गोष्ट तिलाही आधीच माहीत आहे तर.

घरी आलो. हिने दार उघडलं. मी हसलो, आणि हात तोंडावर गेलाच.  तिने माझा हात धरून खाली घेतला आणि बघत राहिली. मग म्हणाली, "आता घरात या."

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारताना फोटो काढला. दात दाखवून! दिशाने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. नगरच्या मावशीचा उलटा फोन — "सूर्यभान, आजारी होतास का रे? तोंड उघडं दिसतंय."

६ एप्रिल, रविवार

गावी गेलो होतो, अजिनाथकडे. ठरवून. खरं सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

तो तालमीत माती तयार करत होता. हळद, ताक, तेल घालून फावड्याने वरखाली. मला बघून थांबला. "दाखव." मी तोंड उघडलं. बैल घेताना बघतात तसं त्याने जबडा धरून बघितलं. "कंचा रं?" मी बोट लावलं. "आयला! वळखू येत न्हाई. मग ह्यो निसटला तर?"

"पुन्हा चिकटवायचा."

"आन् शेजारचा?"

"त्याला काही होत नाही."

"काय म्हंजी कायच न्हाई?"

"काहीच नाही."

"लई भारी," तो म्हणाला आणि पुन्हा फावडं घेतलं.

मी म्हणालो, "अजिनाथ, त्या कुस्तीबद्दल..." तो थांबला नाही, पण बोलू लागला. "त्या दिशी बा मारत हुता ना, तवा वस्ताद आखाड्यात बसल्याले. इचारलं, कुनाचं पोर हाय हे? दात पाडतंय म्हंजी मानंत जोर हाय. आन् घिऊन गेले तालमीत. घरात आमी पाच भावंडं, भाकरीची मारामार. तालमीत रोज शेरभर दूध. तुझ्या दातानं मला दूध पाजलं, मास्तर."

आता काय बोलायचं? पोरं भोवती उभी. भिंतीवर त्याचे गदा घेतलेले फोटो. त्या सगळ्याच्या तळाशी माझी थाप.

"तुला काय सांगायचं हुतं का?" त्याने विचारलं.

"नाही. हगाम्याच्या वेळेचं विचारायचं होतं."

"लहानपनापासनं तसलाच. तोंडातलं तोंडातच," तो म्हणाला.

१२ एप्रिल, शनिवार

दात मस्त. मी नाही.

१९ एप्रिल, शनिवार

शेवटी हिला सांगितलं. हापसा, लंगोट, सगळं. आधी पदर तोंडाला लावून हसली. मग पट्ट्याचं ऐकलं आणि पदर सोडला. म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवून त्यांच्या डोक्यावर ठेवणार का? तेही सत्काराच्या दिवशी?"

बरोबर आहे तिचं. खरं बोलून मला बरं वाटणार, त्याचं नाव जाणार. मी स्वतःच्या एका फटीसाठी दोन निर्दोष दात घासू दिले नाहीत, आणि आता माणूस घासायला निघालोय?

पण दुसरी बाजू. परवा माइक माझ्या हातात असेल आणि लोक म्हणतील, सांग गोष्ट. म्हणजे तीच थाप मी चार हजार माणसांपुढे पुन्हा सांगायची. अकरा वर्षांच्या पोराने घाबरून सांगितली ती एक. पंचेचाळीस वर्षांच्या मास्तरने माइकवर सांगितलेली दुसरी. पहिली माफ होईल. दुसरी?

तीन वाक्यं लिहून ठेवली आहेत. 'अजिनाथने धडक मारली नव्हती. मी हरलो आणि खोटं बोललो. त्याने माझ्यासाठी मार खाल्ला.' यात त्याचा कमीपणा कुठे आहे? नाहीच. नाव गेलं तरी माणूस मोठाच ठरेल. असं मी स्वतःला सांगतोय.

सांगणार. ठरलं.

२१ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी सात

आधी हे — आज मी जसा बोललो तसा जन्मात बोललो नव्हतो! सकाळी रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात. हलगी कडाडली की अंगात काहीतरी शिरतं. "आला, आला, पट काढला, गेला, सुटला, वाहवा रे वाघा!" एकही शब्द शीळ घालत नव्हता. लोक टाळ्या देत होते. बायका देवळाच्या ओट्यावर, त्यांत ही आणि दिशा. दिशा सारखी मोबाईल धरून.

चार वाजता सत्कार. अजिनाथला फेटा, शाल, गुलाल. म्हातारे सहादेव पाटील पंचांच्या खुर्चीतून ओरडले, "मास्तर, आता दाताचं हू द्या!" सगळा आखाडा ओरडला, "दाताचं! दाताचं!"

खिशातला कागद काढला.  म्हणालो, "मंडळी, चौतीस वर्षांपूर्वी याच मातीत जे घडलं म्हणून सांगतात, ते तसं घडलं नव्हतं. आज मला खरं..."

एवढंच. अजिनाथ समोरून हात पसरून धावत आला. "मास्तर! गळाभेट!" मला माइकपासून उचलून आखाड्यात ओढलं, मिठी मारली, आणि त्याचं कपाळ ठाण्णकन माझ्या तोंडावर!

दात मातीत.

 मग मी जीभ फिरवली — फट! तीच जुनी फट. आणि आखाडा असा उसळला की देवळाचा कळस हलला असेल. "पाडला! पुन्ना पाडला! दातपाड्या! दातपाड्या!" हलगीवाले वेडे झाले. अजिनाथ गुडघ्यांवर बसून बोटांनी माती चाळत होता. त्याचीच माती, मिनिटभरात सापडला. धोतराच्या सोग्याने पुसून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. अख्खा, पंखासकट, हळदीने पिवळा.

मी तरीही सोडलं नाही. माइक घेतला. फटीतून शीळ घालत सांगितलं. हापसा, ओले हात, माझी थाप, त्याचा मार. तीनही वाक्यं, वर आणखी दहा. काहीही राखलं नाही.

लोक पोट धरून हसत होते! सहादेव पाटील डोळे पुसत म्हणाले, "बास करा मास्तर, मोठ्या मनाचं हाय तुमी, पन आमी काय आंधळं हाय का? आत्ताच डोळ्यानं बघितला की पडताना!"

चौतीस वर्षांनी खरं बोललो आणि एकानेही विश्वास ठेवला नाही.

मीही हसू लागलो. फट उघडी टाकून, चार हजार माणसांपुढे, हात खाली. ही ओट्यावरून बघत होती.

२२ एप्रिल, मंगळवार

नॅन्सीने पंख साफ करून वीस मिनिटांत दात पुन्हा बसवला. शेजारचा जसाच्या तसा. तिने विचारलं, "कशाने निसटला म्हणून लिहू?" मागून अजिनाथ म्हणाला, "कुस्तीत. लिव्हा." हट्टाने माझ्याबरोबर आला होता.

मग रसवंतीवर बसलो. त्याने एका दमात पेला रिकामा केला. मग म्हणाला, "त्या दिशी हापशामागं चिंचंखाली मी रेवड्या खात बसल्यालो. समदं बघितलं हुतं."

"मग मार का खाल्लास?"

"आदी भ्यालो. तुझ्या बापापुढं माझं कोन ऐकनार? मग वस्तादांनी उचललं. मग बोलायचंच कशाला? मी बी तुझ्याइतकाच खोटा, मास्तर. दूध पिऊन खोटा."

"आणि काल? धडक लागली की मारलीस?"

"मारली," तो म्हणाला. "तू तोंड उघडलंस, मला दुसरा डाव सुचला न्हाई. आन् तूच म्हनला हुतास ना — शेजारच्याला काय व्हत न्हाई."